जादा तास

आमच्या डेपोत सैनिकांची पॅराशूटं घडी घालून पिशवीत बांधली जातात. बांधणी आम्हा सरकारी माणसांची, तपासणी मात्र कंत्राटी कंपनीची. आणि त्या कंपनीकडून तपासनीस म्हणून कोण यावी? माझी धाकटी जाऊ!

मी बावीस वर्षं घासली तेव्हा कुठे बांधणीची विभागप्रमुख झाले, आणि अजूनही रोज स्वतः पिशव्या बांधते. ही कालची पोर, पण पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा जास्त पगार, कंपनीचा निळा कोट आणि दारापर्यंत सोडायला गाडी. मी आपली बसच्या रांगेत. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "धाकटीने नाव काढलं हो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग वरून हुकूम आला: कंत्राटी सेवांवरचा खर्च आवरा. सोबत फॉर्म. 'हे काम आपला कर्मचारी करू शकतो का?' मी ठसठशीत लिहिलं, 'हो. मी स्वतः.' वर शेरा मारला, 'कंपनी रोज विनाकारण दोन जादा तास लावते.' खरं सांगते, सरकारचा पैसा वाचावा असं काही मनात नव्हतं. तिच्या अंगावरचा कोट उतरलेला मला बघायचा होता.

बातमी फुटायला दुपार पुरली. धाकटी तरातरा माझ्या टेबलाशी आली.

"ताई, जादा तास विनाकारण?"

"मग काय! सगळे पाचला घरी जातात. तुलाच कसलं गं काम उरतं?"

"तुमचं." तिने एक पिशवी माझ्यापुढे आदळली. सकाळी मीच बांधलेली, माझ्या सहीची. "उकला."

उकलली. मला काही दिसलं नाही, पण बोटांना लागलं. दोन दोऱ्या एकमेकींत अडकल्या होत्या.

"आठवड्याला अशा तीन-चार निघतात. नियमाने लाल चिठ्ठी लावून परत पाठवायच्या, पण मग तुमची चौकशी लागली असती. म्हणून पाचनंतर मीच बांधत बसते. डोळे दाखवून घ्या म्हणून किती वेळा सांगितलं! तुम्हाला तो टोमणा वाटला."

वाटला होता. आणि आताही पहिला विचार काय आला, तर चिठ्ठ्या दडवल्या म्हणून हिचीच तक्रार ठोकावी. माझी मलाच शिसारी आली.

फॉर्म अजून साहेबांच्या टेबलावर होता. 'हो' खोडून 'नाही' केलं. शेऱ्याखाली लिहिलं, 'हे तास माझ्या चुका निस्तरण्यात गेले. मला आजपासून बांधणीवर ठेवू नये.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "बाई, हे वर गेलं की मागे घेता येणार नाही."

"पाठवा."

परत आले तर धाकटी माझ्या खुर्चीत बसून माझ्या उरलेल्या पिशव्या उकलत होती. तिने वर बघितलं नाही; बोटं सरसर दोऱ्यांवरून फिरत होती. त्या बोटांचा मला जितका हेवा वाटला, तितका तिच्या पगाराचाही कधी वाटला नव्हता.