दोन टिंबं

पद्मजाबाई खांबेट्यांनी आयुष्यात कधी मांजरालासुद्धा शाप दिला नव्हता. बोका दुधात तोंड घालून गेला, तरी "त्याच्या नशिबाचं होतं, त्यानं नेलं" एवढंच त्या म्हणत. अशा बाईनं श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ओंकारेश्वराच्या गाभाऱ्यासमोर हातात पाणी घेतलं, सोळा सोमवारांचा संकल्प सोडला आणि महादेवाकडे मागितलं काय, तर एका माणसाची मान खाली गेलेली या डोळ्यांनी बघू दे. गुरुजींना वाटलं, नातवंडासाठी असेल. त्यांनी तसा आशीर्वादही देऊन टाकला. पद्मजाबाईंनी तो पदरात घेतला. आशीर्वाद कुठल्या का कामाचा असेना, वाया जात नाही.

तो माणूस म्हणजे डॉक्टर जयसिंग शितोळे. हाडांचे मोठे डॉक्टर.

पद्मजाबाईंची थोरली बहीण सरोजिनी, म्हणजे ताई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं. पद्मजाबाईंचे यजमान गेल्यावर दोघी बहिणी नारायण पेठेतल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये एकत्र राहायला लागल्या. व्रतंवैकल्यं दोघींची सारखी, पण ताईची जीभ तिखट. एकाहत्तराव्या वर्षीही ती हरतालिकेचा निर्जळी उपास करायची आणि वर म्हणायची, "शंकरानं माझा अर्ज अजून नामंजूर केलेला नाही. विचाराधीन आहे."

मागल्या वर्षी आषाढात ताई भाजी आणायला गेली आणि ओल्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट पार पडलं, पण तपासणीत निघालं की हृदयाचे ठोके नियमित पडत नाहीत. शितोळे डॉक्टरांचं नेमकं याच विषयावर संशोधन चाललेलं होतं: खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांचे ठोके बिघडतात, त्यांना एक नवी गोळी दिली तर काय होतं. ताईला विचारलं. मास्तरीणच ती. म्हणाली, "जन्मभर मुलांना परीक्षेला बसवलं, आता मी बसते." सही केली. तिला क्रमांक मिळाला सत्तावीस, आणि पद्मजाबाईंना मिळाली एक वही. सकाळी गोळीच्या आधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, आकडा लिहायचा, सकाळ-संध्याकाळ गोळी दिल्याची खूण करायची.

ही गोष्ट जणू पद्मजाबाईंसाठीच काढलेली होती. रोजचा नेम म्हटला की त्या चुकायच्या नाहीत. वहीत खाडाखोड नको म्हणून त्या आधी आकडा भिंतीवरच्या तिथीवाराच्या कॅलेंडरात पेन्सिलीनं टिपून ठेवत. त्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा आणि त्याखाली दोन टिंबं, एक सकाळच्या गोळीचं, एक संध्याकाळच्या. मग तेच वहीत शाईनं.

गोळी नागपंचमीला सुरू झाली तेव्हा बहात्तर ठोके होते. श्रावण सरता सरता अठ्ठेचाळीस झाले. ताईला चक्कर यायची, बोलताना मध्येच थांबायची. पद्मजाबाईंनी फोन केला. डॉक्टर म्हणाले, उत्तम, म्हणजे गोळी काम करतेय. चव्वेचाळीस झाले तेव्हा त्या वही घेऊन दवाखान्यात जाऊन बसल्या. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"मोजताना चुकत असेल तुमचं," ते म्हणाले. "ही जपमाळ नव्हे, आजी."

हरतालिकेच्या दिवशी त्रेचाळीस. ताईनं घशाखाली पाण्याचा थेंबही जाऊ दिला नाही, मग गोळी कुठली? दुसऱ्या दिवशी गणपती बसले, तर ताई वॉकर धरून स्वतः देवापर्यंत चालत आली, बसून एका मोदकाला कळ्या पाडल्या. "उपास मानवला बघ मला," असंही म्हणाली. पण पद्मजाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी डॉक्टरांना फोन करून दोन गोळ्या बुडाल्याचं खरं ते सांगून टाकलं. डॉक्टर रागावले. एकही गोळी पुन्हा चुकता कामा नये, देवालाही तसं सांगा म्हणाले. त्यानंतर पद्मजाबाईंनी एकही चुकू दिली नाही.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी ताई चहाची बशी हातात धरूनच गेली.

तेरावा झाल्यावर दवाखान्यातली शालू नावाची मुलगी येऊन वही घेऊन गेली, रेकॉर्डला लागते म्हणून. पद्मजाबाई कागदपत्रं आणायला गेल्या तेव्हा शितोळे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं आणि अगदी मायेनं सांगितलं की उपासापायी आजींनी गोळ्या बुडवल्या, हृदयाला असं चालत नाही, आता बोलून काय उपयोग.

पद्मजाबाई पुढलं सगळं वर्ष ते वाक्य पोटात घेऊन राहिल्या. पूजेला बसल्या की वाटायचं, मीच मारलं हिला. दोन गोळ्यांपायी मारलं. कुणापाशी बोलल्या नाहीत. बोलणार काय?

मग या आषाढात ज्येष्ठ नागरिकांसाठी शितोळे डॉक्टरांचं व्याख्यान झालं, 'मोडलेलं हाड आणि चुकलेला ठोका'. शेजारणीनं आग्रह केला म्हणून पद्मजाबाई गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. गोळी किती निर्धोक आहे ते सांगितलं. आता आणखी दोनशे माणसांना देणार, हेही सांगितलं. आणि म्हणाले, रुग्ण शिस्तीचे असले की संशोधन कसं सोपं होतं बघा, हे एका घरचं वहीचं पान.

पडद्यावर पान आलं. वर रुग्ण क्रमांक सत्तावीस. खाली डॉक्टरांची लफ्फेदार सही. अक्षर गोल गोल, कुणा तरुण मुलीचं. चार सप्टेंबर, ठोके चौऱ्याहत्तर, गोळ्या दोन्ही घेतल्या, नाश्ता पोहे.

चार सप्टेंबर म्हणजे हरतालिका. ताईनं पोहे खाल्ले.

शेजारीण नंतर म्हणाली, तुम्हाला बरं वाटत नाही का, चेहरा कसा झालाय. पद्मजाबाई म्हणाल्या, छे, मला फार बरं वाटतंय. आणि ते खरंच होतं. वर्षभर त्यांच्या छातीवर जो दगड होता तो त्यांनी उचलला होता, आणि आता तो कुणाच्या डोक्यात घालायचा तेही ठरलं होतं. मला सांगताना गोळ्या बुडवल्या, आणि जगाला दाखवताना दोन्ही घेतल्या. मग ताई मेली कशानं? पोह्यांनी?

घरी येऊन त्यांनी कपाटाच्या तळातून मागल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. देवाची चित्रं असतात, म्हणून त्या जुनी कॅलेंडरं रद्दीत घालत नसत. ऑगस्टचं पान आणि सप्टेंबरचं पान. अडतीस चौकोन, अडतीस आकडे, सगळे पेन्सिलीत जसेच्या तसे. फक्त एका चौकोनात आकड्याखाली टिंबं नव्हती.

संशोधनावर देखरेख करायला प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक नीतिसमिती असते, बाहेरची माणसं तिच्यावर असतात, हे त्यांनी ताईच्या सहीच्या कागदावरच वाचलं होतं. त्यांनी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. रागाचा एक शब्द नाही. रागाची माणसं सोडून देतात, हे त्या पेठेत राहून शिकल्या होत्या. बैठकीला मूळ पुरावा घेऊन यावं असं उत्तर आलं, आणि तारीख पडली ती नेमकी सतराव्या सोमवारी, व्रताच्या उद्यापनाला. पद्मजाबाईंनी देवाला हात जोडले. तिथला कारभार चोख असतो.

आदल्या दिवशी कॅलेंडर कागदात गुंडाळताना त्यांची नजर पुन्हा त्या चौकोनावर गेली. उद्या हा माणूस दुसरं काही बघणार नाही, यावरच बोट ठेवणार. उपास, उपास म्हणणार. पेन्सिल तीच होती, डब्यात. दोन टिंबं. बास. कोण ओळखणार?

त्यांनी पेन्सिलीला टोकही काढलं.

मग त्यांच्या मनात आलं, लबाडीनं पाडलेला माणूस पुन्हा उठतो. मला हा उठायला नकोय. त्यांनी पेन्सिल डब्यात टाकली आणि चुरम्याची कणीक भाजायला घेतली.

समितीचे अध्यक्ष गोपाळकृष्ण मेहेंदळे, निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या उजव्या हाताला हृदयाच्या डॉक्टर मंजिरी आगटे, बाहेरच्या रुग्णालयातून आलेल्या. आणखी दोघंतिघं. समोर शितोळे, आणि एका बाजूला पद्मजाबाई, मांडीवर कॅलेंडर आणि पितळी डबा. मेहेंदळ्यांनी अर्ज वाचून झाल्यावर विचारलं, आपली मागणी काय आहे, नुकसानभरपाई वगैरे?

"नको," पद्मजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरांना त्या वेळी माझी वही उघडायला सवड झाली नव्हती. आज त्यांनी हे आकडे वाचावेत. मोठ्यानं. सगळे."

शितोळे हसले. आधी म्हणाले, माझ्याकडची वही नीट आहे. मग वहीतलं आणि अर्जातलं अक्षर शेजारी ठेवल्यावर म्हणाले, मूळ वही कदाचित गहाळ झाली असेल, आमच्याकडच्या मुलीनं परस्पर नवी भरली असेल, ही मुलं हल्ली काय करतील सांगता येत नाही.

"सहीसुद्धा तीच करते का आपली?" पद्मजाबाईंनी विचारलं.

मेहेंदळ्यांनी चष्मा पुसला आणि कॅलेंडर शितोळ्यांपुढे सरकवलं. वाचा म्हणाले.

शितोळे वाचायला लागले. बहात्तर. बहात्तर. सत्तर. पहिली ओळ त्यांनी बातम्या वाचाव्यात तशी वाचली. एकोणसाठ, सत्तावन्नपर्यंत आवाज उतरला. पन्नाशीच्या खाली आल्यावर ते एकेका आकड्यापाशी थांबायला लागले. पद्मजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. प्रत्येक आकड्याला ताईचं मनगट त्यांच्या बोटांखाली होतं, आणि प्रत्येक आकड्याला त्यांना वाटत होतं, अजून सावकाश वाच. घाई कसली आहे तुला?

अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. आणि तिथं शितोळ्यांचा आवाज एकदम चढला.

"हे बघा. इथं गोळीच दिलेली नाही. दोन्ही वेळा. हरतालिका लिहिलंय. मी यांना तेव्हाच सांगितलं होतं. उपासापायी औषध बुडवायचं आणि मग दोष डॉक्टरला."

पद्मजाबाईंनी डोळे उघडले. वाटलं, संपलं. ती दोन टिंबं काल दिली असती तर.

"पुढचा आकडा वाचा," डॉक्टर आगटे म्हणाल्या.

शितोळ्यांनी खाली बघितलं.

"पाच सप्टेंबर. वाचा ना."

"सत्तावन्न," शितोळे म्हणाले.

"पुढं?"

"एक्कावन्न. सेहेचाळीस. बेचाळीस."

आगट्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग पद्मजाबाईंकडे वळून, शाळकरी मुलीला समजवावं तसं, त्या सांगायला लागल्या. गोळी चालू तोवर ठोके उतरत होते. एक दिवस गोळी बंद झाली आणि रात्रीतून चौदानं वर आले. पुन्हा सुरू केली, पुन्हा उतरले. यापेक्षा स्वच्छ पुरावा या सगळ्या संशोधनात दुसरा नाही. तुम्ही दोन टिंबं दिली नाहीत, म्हणून तो उरला.

पद्मजाबाईंना मोदकाच्या कळ्या आठवल्या. उपास मानवला बघ मला. वर्षभर ज्या दिवसासाठी त्यांनी स्वतःला पायदळी तुडवलं, तो एकच दिवस ताईला जगवणारा होता. आणि दुसऱ्या दिवशी फोनवर रागावून, देवालाही दटावून, गोळी पुन्हा चालू करायला लावली ती या माणसानं. अजून चार उपास केले असतेस, ताई. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर त्यांनी ते शितोळ्यांसमोर पडू दिलं नसतं.

"राहिलेले वाचा," त्या म्हणाल्या. "अजून पाच आहेत."

शितोळ्यांनी मेहेंदळ्यांकडे बघितलं. मेहेंदळे खिडकीबाहेर बघत होते. मग शितोळ्यांनी वाचले. शेवटचा अडतीस. त्यानंतरचे चौकोन रिकामे होते.

तासाभरात सगळं झालं. संशोधन त्याच दिवशी थांबवलं. ज्यांच्या पोटात ती गोळी चालू होती त्या सगळ्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत फोन करायचं ठरलं. शितोळ्यांचं नाव संशोधनावरून काढून प्रकरण वर वैद्यकीय परिषदेकडे पाठवायचं ठरलं, आणि तसं लिहिलेला कागद त्यांच्यासमोर वाचून दाखवला.

पद्मजाबाईंनी डबा उघडला. सोळा सोमवारांच्या उद्यापनाचा चुरमा, म्हणाल्या, नाही म्हणू नये. मेहेंदळ्यांना दिला, आगट्यांना दिला, बाकीच्यांना दिला. बाहेर बाकावर शालू रडत बसली होती. मॅडम, माझा जॉब जाईल हो, सरांनी सांगितलं तसं लिहिलं मी. पद्मजाबाईंनी तिच्याही हातावर चमचाभर ठेवला आणि म्हणाल्या, "खा. आणि आणखी कुणाकुणाच्या वह्या भरल्यास ते आत जाऊन आत्ताच्या आत्ता लिहून दे. मी थांबते."

ती आत गेली, त्याच दारातून शितोळे बाहेर आले. समोर डबा उघडा, हातात चमचा. माणूस सवयीचा गुलाम. त्यांचा उजवा हात आपोआप पुढं आला, ओंजळीसारखा.

प्रसाद कुणाला नाकारू नये, हे पद्मजाबाईंना आईनं शिकवलं होतं. त्यांनी आजवर भिकाऱ्याला नाकारला नव्हता, भांडलेल्या जावेला नाकारला नव्हता. त्यांनी शितोळ्यांच्या तळव्याकडे नीट बघून घेतलं. मग झाकण लावलं, दाबून, आवाज होईल असं.

शितोळ्यांनी हात मागं घेतला आणि खाली मान घालून जिना उतरले. पद्मजाबाई कठड्याशी उभ्या राहून शेवटच्या पायरीपर्यंत बघत होत्या.

घरी येऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला, ताईच्या फोटोपुढे वाटी ठेवली आणि उपास सोडला. चुरमा चांगला झाला होता. गूळ जरा जास्तच पडला होता.