‘साफ करा’ची बदनामी

“अवो, त्या बटनातच काहीतरी आहे. योगेशनं ते दाबलं, अन् सत्यभामेच्या पोरीले…”

एवढंच ऐकू आलं. बाहेर अमरावतीच्या जीपवाल्यानं हाक मारली आणि बोलणाऱ्या दोघी पिशव्या सावरत पळाल्या. उरलेलं वाक्य त्यांच्याबरोबर जीपमध्ये गेलं.

मी ‘साफ करा’ बोलतोय. मुलींच्या वसतिगृहाच्या ऑनलाइन अर्जाखाली, ‘सादर करा’च्या शेजारी असलेलं राखाडी बटण. दर्यापूर स्टँडजवळ योगेशचं फॉर्म भरायचं सेंटर आहे, तिथल्या पडद्यावर माझा दिवस जातो. मला कोणाच्या भानगडीत पडायची सवय नाही. पण कोणाचं वय किती, कोण कुठं राहतं, हे सगळं डोळ्यासमोरून जातं, त्याला मी काय करू? आणि आपल्याच बदनामीचं अर्धं वाक्य कानावर पडावं, म्हणजे तर जिवाला घोर.

माझा जन्म अकोल्याचा. वर्षाली नावाच्या मुलीनं एका लहान कंपनीत बसून, जावा म्हणतात त्या संगणकाच्या भाषेत हा अर्ज लिहिला. मला लावताना ती थांबली होती. “प्रीतम सर, हे दाबलं तर अर्ज कोरा व्हाले पाहिजे, का पहिले होता तसा?”

साहेबांनी मान वर केली नाही. “सगळ्याच फारमाले असते ते. लावून दे.”

तिनं लावून दिलं. तेव्हाच मला वाटलं होतं, हे पुढं अंगाशी येणार.

कारण मला कोरं करता येतच नाही. अर्ज पडद्यावर ज्या रूपात आला, त्या रूपात परत न्यायचा, एवढंच माझं काम. कोरा आला असेल तर कोरा. पण काही चुकलं की सर्व्हर तोच अर्ज भरलेला परत पाठवतो, खाली लाल ओळ लिहून. मग मला कितीही दाबा, तो भरलेलाच राहतो.

योगेश माणूस चांगला, पण घाईचा. नवा अर्ज उघडायला वेळ लागतो म्हणून एक गिऱ्हाईक उठलं की तो मला दाबतो आणि दुसऱ्याला बसवतो. एके दिवशी सत्यभामाबाईची ज्योत्स्ना बसली होती. मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडला, लाल ओळ आली. “आईले विचारून उद्या येतो,” म्हणून ती गेली. योगेशनं मला दाबलं.

मग पंचफुलाबाई आणि त्यांची दीक्षा बसल्या. वर ज्योत्स्नाचं नाव तसंच होतं. “नेट लटकलं,” म्हणत योगेश त्याच्यावरच टाइप करत गेला. एवढ्यात त्याला फोन आला. सगळ्यात खाली वसतिगृहाच्या रकान्यात ज्योत्स्नाचं ‘अकोला’ होतं. रकाना भरलेला दिसला, म्हणून त्यानं विचारलंच नाही.

दीक्षाचं नर्सिंग कॉलेज अमरावतीला. आईनं आधीच बजावलं होतं, “राहाले जागा भेटली तर शीक. रोजचं येणं-जाणं मी करू देत नाही.” यादी लागली, तर दीक्षाचं नाव अकोल्यात.

दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत मुदत होती. चारला पंचफुलाबाई दीक्षाला घेऊन सेंटरमध्ये शिरल्या.

“काहून रे योगेश, माह्या पोरीची जागा सत्यभामेच्या पोरीले देल्ली न तू? तुह्याच गल्लीतली आहे न ते!”

तेव्हा कुठं मला वाक्याचा उरलेला अर्धा भाग कळला. खरं सांगतो, मलाही योगेशचा संशय आला. मग स्वतःचा आला.

“काकू, काहीही नका बोलू,” योगेश म्हणाला. त्यानं दीक्षाचा अर्ज उघडला, दीक्षानं ‘अमरावती’ निवडलं. पण तो घाबरला होता. “थांब, सगळं साफ करून नव्यानं भरू,” म्हणत त्यानं मला दाबलं. मी माझं काम केलं. रकान्यात पुन्हा ‘अकोला’.

“पाह्यलं? डोळ्यासमोर केलं!” पंचफुलाबाई ओरडल्या.

दीक्षानं मात्र खुर्ची पुढं ओढली. एक अक्षर बदललं, मला दाबलं. दुसरं बदललं, पुन्हा दाबलं. “दादा, हे पुसून नाही राह्यलं. जुनं परत आणून राह्यलं.”

इतक्या वर्षांत माझा स्वभाव ओळखणारी ती पहिलीच.

योगेशनं सत्यभामाबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. “आमी कायले अमरावती मागू वो?” पलीकडून आवाज आला. “ज्योत्स्नाची मावशी अकोल्याले आहे. अन् पंचफुले, मले इचारलं असतं त काय तोंड झिजलं असतं काय?” पंचफुलाबाई पदराशी चाळा करू लागल्या.

पाचला दहा मिनिटं असताना दीक्षानं पुन्हा ‘अमरावती’ निवडलं, अर्ज वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला आणि ‘सादर करा’ दाबलं. दुसऱ्या यादीत तिचं नाव अमरावतीला आलं.

आता योगेशनं पडद्यावर माझ्या जागी चिकटपट्टी लावलीय. अर्ज वरखाली सरकला की ती भलत्याच रकान्यावर येते, ते त्याला अजून कळलेलं नाही. माझी एवढीच विनवणी आहे: मला दाबा, पण दाबल्यावर एकदा खालपर्यंत वाचा. माझ्यामुळे दीक्षाची जागा हुकली होती, हे खरं. योगेशनं ती कोणाला दिली, हे साफ खोटं. जीपमधल्या त्या दोघी मात्र या गोष्टीचा पहिला अर्धा भागच सांगत फिरत असणार, असा मला दाट संशय आहे.