अठराव्यांदा विचारलेला प्रश्न

"बघ, वाच! हे असले लोक!" तॉर्किलने टॅबलेट पावाच्या ताटलीशेजारी असा आपटला की कॉफी बशीत सांडली.

त्याच्या बायकोने, इंगेलीसने, बशीतली कॉफी परत कपात ओतली. चष्मा काही शोधला नाही. "तूच वाचून दाखव. तसंही तू दाखवल्याशिवाय राहणार आहेस का?"

तॉर्किल म्हणजे आमच्या बेटावरचा सगळ्यात जुना मधपाळ. वय एकोणसत्तर, बागेत अकरा पेट्या, आणि त्यांत वडिलांच्या काळापासून सांभाळलेल्या काळ्याशार मधमाश्या. तशा माश्या बेटावर दुसऱ्या कुणाकडे नाहीत. याशिवाय तो डेन्मार्कभरच्या मधपाळांच्या ऑनलाइन फोरमचा ॲडमिन. बारा वर्षांत त्याने तिथे एकोणीस हजार उत्तरं लिहिली आहेत. आकडा नावापुढेच दिसतो, आणि तॉर्किलला तो आपल्या वाढदिवसाइतका पाठ आहे.

त्या सकाळी 'नवखी' या नावाने कुणीतरी फोरमवर लिहिलं होतं, तेही सगळ्यांसमक्ष:

"तॉर्किल, राग मानू नका. पण तुम्ही प्रत्येक प्रश्नावर पहिल्या पाच मिनिटांत तुटून पडता. ऑगस्टमध्ये मी माझ्या पेटीबद्दल विचारलं. चार मिनिटांत तुमचं उत्तर आलं, 'हा प्रश्न इथे सतरा वेळा विचारून झाला आहे. आधी शोधा, मग लिहा.' आणि तुम्ही चर्चेला कुलूप लावलंत. त्यानंतर मी इथे तोंड उघडलं नाही. माझ्यासारखे आणखी किती असतील?"

तॉर्किलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बारा वर्षं फुकट राबतोय मी! फुकट! आणि ही कोण कुठली, नावसुद्धा लावत नाही!"

"मग उत्तर देऊ नकोस."

"देऊ नको? लिहून तयार आहे. तेवीस मुद्दे."

तेवीस! त्याने तिच्या पोस्टचं एकेक वाक्य सुटं करून खाली आपला जबाब जोडला होता. मुद्दा पहिला: चार मिनिटं नव्हे, सहा. मुद्दा दुसरा: 'तुटून पडणे' हा शब्दप्रयोग नियमावलीच्या नवव्या कलमात बसत नाही. इंगेलीसने पाचव्या मुद्द्यापर्यंत ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"तॉर्किल, मी तीस वर्षं ग्रंथालयाच्या काउंटरवर बसले. संडास कुठे आहे, हे मला रोज दहा जण विचारायचे. पाटी समोर होती, हातभर मोठी. मी कुणाला म्हटलं का, की बाबा, हे काल विचारून झालंय, जुन्या नोंदी चाळ?"

"ग्रंथालय वेगळं."

"वेगळंच! तिथे लोक परत यायचे."

"अगं, पण नियम काय सांगतो? आधी शोधा! मी तिला खोटं काय सांगितलं?"

"तिनं विचारलं काय होतं?"

"तेच ते! पेटीला वास येतो. दर ऑगस्टला बांधावर पिवळे तुरे फुलतात, माश्या त्यांचा रस आणतात आणि पेट्यांना घामट मोज्यांचा वास सुटतो. दर वर्षी कुणीतरी नवा माणूस बोंब मारतो आणि दर वर्षी मी सांगतो, घाबरू नका, फुलाचा वास आहे."

"तू तिचा प्रश्न पूर्ण वाचलास?"

तॉर्किल पावाला लोणी लावू लागला.

"मी काय विचारतेय?"

"मथळा वाचला होता," तो म्हणाला. "मथळ्यावरून कळतंच ना."

"धन्य आहेस! तिनं तुझ्यावर लिहिलेल्या बारा ओळींना तेवीस मुद्दे, आणि तिच्या प्रश्नाचा नुसता मथळा? उघड तो. आत्ता, माझ्यासमोर!"

आता हसण्यासारखं काही उरलं नाही. तॉर्किलने कुरकुरत जुनी चर्चा उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. "माझ्या पेटीला वास येतोय. मोज्यांसारखा नाही, सरसासारखा. अळ्यांच्या घरांची झाकणं आत खचली आहेत, काहींना भोकं आहेत. आगकाडी आत घालून ओढली तर तपकिरी, चिकट दोरा निघतो, बोटभर लांब..." हे शेवटचं वाक्य त्याने पुन्हा एकदा वाचलं. हा दोरा काय असतो हे प्रत्येक जुन्या मधपाळाला माहीत आहे. अळ्या सडवणारा तो रोग. त्यावर औषध नाही. सरकारी तपासनिसाला कळवायचं आणि पेटी जाळायची.

खाली फोटो होता. पेटीमागे बंदराच्या दक्षिण धक्क्याचा पिवळा दिवा दिसत होता. आमच्याच बेटावरचा. तॉर्किलच्या बागेपासून सरळ रेषेत दोन किलोमीटर.

"पाच आठवडे झाले, इंगेलीस," तो म्हणाला. "पाच आठवडे!"

"मग इथे काय बसलायस? सायकल काढ!"

धक्क्याजवळ आइस्क्रीमची टपरी चालवणारी मालेने, म्हणजेच ती 'नवखी', त्याच वर्षी कोपनहेगनहून राहायला आलेली. तिशीतली असेल. टपरीमागच्या गवतात तिच्या दोन पेट्या होत्या. धापा टाकत, खिशात आगपेटी घेऊन आलेला म्हातारा बघून ती बाहेर आली.

"मी तॉर्किल," तो म्हणाला.

तिने त्याला खालून वर न्याहाळलं. "एकोणीस हजारवाले?"

"हो."

"भांडायला आलात?"

"सकाळी तोच बेत होता. पेट्या बघू का?"

पहिली पेटी उघडली आणि काडी घालायची गरजच उरली नाही. तरी त्याने घातली. दोरा निघाला.

"हे पाहिल्यावर तू कुणालाच कसं विचारलं नाहीस, पोरी?" त्याचा आवाज चढला.

मालेनेचाही चढला. "कुणाला विचारू? तुम्ही म्हणालात शोधा. मी शोधलं! सतराच्या सतरा चर्चा वाचल्या. सगळीकडे तुमचंच उत्तर होतं, घाबरू नका, फुलाचा वास आहे. म्हणून मी नाही घाबरले!"

"पण काडी? दोरा?"

"मला वाटलं, एवढा मोठा माणूस, सगळं वाचूनच बोलला असेल."

एकोणीस हजार उत्तरं देणाऱ्या माणसाने पेटीचं झाकण हळूच परत लावलं.

"दुसरी तर रिकामीच झाली," मालेने पुढे सांगू लागली. "आधी माश्या कमी झाल्या. मग ऑगस्टअखेरीला कुठून तरी परक्या माश्या आल्या आणि उरलेला मध लुटून गेल्या. काळ्याशार होत्या. कुणाच्या ते नाही कळलं."

तॉर्किल गवतातच खाली बसला. ते तिला नाही, पण त्याला कळलं होतं. रोगट पेटीतला मध लुटणारी माशी रोगही घरी घेऊन जाते.

तपासनीस दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने आला. मालेनेच्या दोन्ही पेट्या गेल्या. तॉर्किलच्या अकरांपैकी चार रोगट निघाल्या, आणि त्यांत ती कोपऱ्यातली होती, जिच्यातून बाकीच्या दहा वाढल्या, वडिलांच्या हातची. संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्या बंद केल्या, माश्या मारल्या, आणि तॉर्किलच्या बागेत एकच खड्डा खणून सहाही पेट्या त्यात जाळल्या. खणायला मालेने आली होती. मेण भडकलं तेव्हा तॉर्किल रडला, सगळ्यांदेखत.

"माझं चुकलं," तो मालेनेला म्हणाला. "तू लिहिलंस ते खरं होतं. तुझ्या पेट्या मी घालवल्या आणि माझ्याही मीच."

"माझंही चुकलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"छे! पहिल्यांदा विचारलंस तेवढं पुरे होतं!" इंगेलीस मधेच कडाडली. "हा दोष कुणी वाटून घ्यायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी त्याने तेवीस मुद्दे पुसले आणि मालेनेच्या टीकेखाली लिहिलं: "तुमचं बरोबर आहे. मी तुमचा प्रश्न न वाचताच उत्तर दिलं. त्यापायी सहा पेट्या जळल्या. कुलूप काढलं आहे. यापुढे मी कुठल्याही प्रश्नावर पहिला दिवसभर लिहिणार नाही. इतरांनी बोलावं, ही विनंती."

वाचकहो, आता माझी गोष्ट सांगतो, कारण सगळं खापर तॉर्किलच्या डोक्यावर फोडून मोकळं होणं सोपं आहे. मीही त्या फोरमवर आहे. मालेनेचा प्रश्न मी त्याच दिवशी पाहिला होता. दोऱ्याचं वाचून शंकाही आली होती. पण वर तॉर्किलचं उत्तर होतं, कुलूप होतं. म्हटलं, कशाला उगाच त्याच्या नादी लागा! तॉर्किलला एक फोन करता आला असता. केला नाही. जाणत्याने दामटायचं आणि बाकीच्यांनी माना खाली घालायच्या, असं आपल्या मंडळांत, संस्थांत, घराघरांतल्या गटांवर रोज चालतं, आणि वर आपणच विचारतो की नवी माणसं टिकत का नाहीत!

यंदाच्या ऑगस्टात कुणीतरी विचारलं, "पेटीला मोज्यांचा वास येतोय. घाबरू का?" एकोणिसावी वेळ. तॉर्किलची बोटं शिवशिवत होती, असं इंगेलीस सांगते. तिने टॅबलेट उचलून पावाच्या डब्यात ठेवला. तोवर मालेनेने लिहिलं होतं, "झाकणं कशी दिसतात? काडी घालून पाहिलीत का? फोटो टाका." तिच्याखाली मी लिहिलं, माझ्या खाली आणखी चौघांनी. फुलाचाच वास निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तॉर्किलने आपली एक ओळ घातली: "विचारलंत ते बरं केलंत." सांगणाऱ्याला प्रश्न कितीही जुना वाटला, तरी विचारणाऱ्याच्या दारात तो आजच आलेला असतो. आणि आपली चूक कुणी दाखवली, तर जबाब लिहायच्या आधी त्याचं म्हणणं पूर्ण वाचावं. आमच्या बेटावर हे शिकायला सहा पेट्या लागल्या.

त्या खड्ड्याच्या जागी आता गवत उगवलंय. यंदाच्या वसंतातच तॉर्किलने उरलेल्या सात पेट्यांपैकी एकीतून काळ्या माश्यांचं नवं कुटुंब वेगळं काढलं आणि पेटी सायकलच्या गाडीवर ठेवून, हळूहळू, मालेनेच्या दारात नेऊन पोचवली.