धोबिणीचा झरा आणि शिंप्याचा पायजमा

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दातही पडोत!

आमच्या धोबिणीचा अख्खा संसार गावामागच्या झऱ्यावर चालायचा. त्या पाण्यात साबण असा फेसाळायचा की मळकट चादर बघता बघता पांढरीशुभ्र. एक दिवस शहरातून दोन साहेब आले, ओंजळभर पाणी प्याले आणि म्हणाले, "झकास! उद्या कुंपणाचं माप घेऊ. हे पाणी बाटल्यांत भरून विकायचं."

धोबीण घरी आली आणि भिंतीला टेकून मुळूमुळू रडायला लागली.

"रडतेस काय गं?" सासू म्हणाली. "उद्या सगळ्यांना खुळं व्हायला सांग. या पाण्यानंच झालंय म्हणावं."

धोबीण दारोदार फिरली. सगळे हो म्हणाले. शिंप्याच्या दाराशी मात्र तिचे पाय अडखळले. त्यानं शिवलेला कोट तिच्या इस्त्रीखाली जळाला होता. तेव्हापासून त्यानं बोलणंच टाकलं होतं. ती तशीच मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी साहेब येतात तर काय, सासूबाई पाण्यानं भरलेली बादली दोरीला टांगतायत!

"आजी, हे काय?"

"पाणी ओलं झालंय रे बाबा. वाळत घातलंय."

पुढे पाववाला पावांवर छत्री धरून उभा. "ऊन लागलं की करपतात हो बिचारे!" पलीकडे मास्तर कोंबड्यांची हजेरी घेत होते, आणि गैरहजर कोंबडीवर भयंकर चिडले होते.

थोरले साहेब घाबरले. धाकटे मात्र पक्के. "नाटकं आहेत सगळी. तो शिंपी बघा, माझा हा सूट त्यानंच शिवलाय. त्याला थट्टा म्हणजे काय ते ठाऊकच नाही. त्यालाच विचारू."

झालं! धोबिणीनं डोळे गच्च मिटले. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शिंपी बाहेर आला. डोक्यावर पायजमा, दोन्ही पाय कानांवर लोंबतायत, चेहरा मात्र नेहमीसारखाच गंभीर.

"इथलं पाणी कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"उत्तम. ते प्यायच्या आधी मी हा पायांत घालायचो."

धाकट्या साहेबांना आदल्या दिवशीची ओंजळ आठवली. त्यांनी आधी स्वतःच्या पँटकडे बघितलं, मग थोरल्यांच्या, आणि दोघं जे गाडीत बसले ते पुन्हा काही फिरकले नाहीत.

संध्याकाळी धोबीण शिंप्याकडे गेली. ती उंबऱ्याशीच थांबली.

"पाववाल्याची बायको बोलली माझ्या बायकोजवळ," शिंपी मशीनवरून मान न उचलता म्हणाला. "मलाच तेवढं वगळलंस होय?"

"चुकलं, दादा."

"चुकलंच. आण उद्यापासून माझे कपडे न्यायला पिशवी. इस्त्री बेताची तापव."

तेव्हापासून झऱ्यावर सकाळी पहिला सदरा भिजतो तो शिंपीदादांचा, आणि त्याचे पैसे कितीही बळजबरी केली तरी धोबीण घेत नाही.

आता तुम्ही असे रोखून बघताय म्हणून सांगते. पायजमा मीच सांगता सांगता घातला त्याच्या डोक्यावर. तो नुसता कोटाचं एक बटण चुकीच्या काजात लावून बाहेर आला होता, आणि बोललाही नव्हता काही. साहेबांना तेवढंच पुरलं. पण ज्यानं जन्मात कधी धागा वाकडा जाऊ दिला नाही, त्यानं तिच्यासाठी तसं चारचौघांत उभं राहायचं, म्हणजे पायजम्याहून काय कमी झालं का हो?