अकराचा आकडा

मी एक जुनी फुंकणी आहे, मित्रांनो. चूल पेटवायची नव्हे हं! माझ्या कागदपत्रांवर ‘श्वासातील मद्य मोजणारे यंत्र’ असं भारदस्त नाव आहे, पण बस आगारात त्या नावाने मला कुणी एकदाही हाक मारली नाही. ड्रायव्हर मंडळी कामावर निघण्याआधी माझ्या नळीत फुंकायची, म्हणून मी फुंकणी. हातात मावेल एवढी काळी पेटी, वर छोटा पडदा, बाजूला नळी खोचायला एक भोक, झालं! पण स्वभावाने मी एक नंबरची भोचक. समोरचा माणूस काल कुठे होता, कुणाबरोबर जेवला, उशिरापर्यंत का जागला, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि गंमत अशी, की मला यातलं काहीच कळत नाही. मला कळतो फक्त आकडा.

माझा जन्म कारखान्यातला. पहिला श्वास मला माणसाचा मिळाला नाही, नळकांड्यातला मिळाला. एका कारागीर बाईने मोजून मापून दारूचा अंश मिसळलेली हवा माझ्यात सोडली आणि पडद्यावर बरोबर आकडा आल्यावर माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. तेव्हा मला वाटलं, जगातले सगळे श्वास असेच नळकांड्यातून येत असतील. आगारात आले आणि डोळे उघडले. कुणाचा श्वास लसणाचा, कुणाचा खोकल्याच्या औषधाचा, कुणाचा नुकत्याच झालेल्या भांडणामुळे धापा टाकणारा. बाई गं, काय एकेक नमुने!

माझा ताबा होता हजेरीवाल्या बाईंकडे. आगाराच्या फाटकाजवळ त्यांची काचेची खोली. टेबल, हजेरीबुक, खिळ्यांना लटकलेल्या बसच्या किल्ल्या आणि मी. बाईंची जीभ तिखट, पण हात मायेचा. दर माणसाला नवी नळी, दर फुंकीनंतर मऊ फडक्याने पुसणं, दुपारी उन्हाचा कवडसा आला की मला सावलीत सरकवणं. दर सहा महिन्यांनी माझी तपासणी करणारा तंत्रज्ञ यायचा, तो म्हणायचा, “बाई, यंत्र ठेवावं तर तुम्हीच.” मी आतल्या आत फुलून जायचे.

आमच्या आगारात नियम कडक होता. रस्त्यावरच्या साध्या गाडीवाल्याला कायदा तीसच्या आकड्यापर्यंत सूट देतो, पण बस चालवणाऱ्याला शून्य म्हणजे शून्यच. पडद्यावर एक जरी आला, तरी सहा महिने स्टीअरिंगला हात लावायचा नाही. यार्डात बस धुवायच्या. आणि शाळेची बस चालवणारा असेल, तर ती बस पुन्हा कधीच नाही. जन्मात नाही. यावरून रांगेत रोज वाद व्हायचा. एकजण म्हणायचा, “मग फाशीच द्या की!” दुसरा म्हणायचा, “तुझी पोरगी त्या बसमध्ये असती, तर असं बोलला असतास का?” मी कान टवकारून ऐकायचे. दोघांचंही पटायचं, त्यामुळे माझी पंचाईत व्हायची.

शाळेची बस चालवायचे कासवकाका. एकोणीस वर्षं तीच बस, तोच रस्ता. शेवटचं पोर बुड टेकून बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, कुणी मागून कितीही हॉर्न वाजवो. नाव पोरांनीच ठेवलेलं, आणि काकांना त्याचा कोण अभिमान! रोज सकाळी सहाला यायचे, फुंकायचे, शून्य बघायचे आणि म्हणायचे, “बाई, आजही पास!”

एका सकाळी ते आले, त्यांनी फुंकलं आणि ‘पास’ म्हणायला तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पडद्यावर अकरा होता.

बाईंनी मला पालथं घातलं, हलवलं, नळी बदलली. “काका, चूळ भरा. पंधरा मिनिटं बसा. परत बघू.” नियमच होता तसा, कारण तोंडात राहिलेलं काहीबाही मला फसवू शकतं. पंधरा मिनिटांनी काकांनी पुन्हा फुंकलं. मी सगळा जीव एकवटून शून्य आणायला बघितलं, खरं सांगते. पण मला खोटं बोलता येत नाही. आठ आला.

“काल धाकट्या भावाचा निरोपसमारंभ होता,” काका हळूच म्हणाले. “त्याच्या ऑफिसातला. दोनच पेले घेतले हो. घरी जाऊन चांगला झोपलो. आता मी काय डुलतोय का? हे बघा.” आणि ते फरशीच्या रेघेवरून सरळ चालून दाखवायला लागले. चाललेही सरळ. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं! पंचावन्न उलटलेला माणूस, लहान पोरासारखा एका रेघेवरून चालत होता.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वासहा. बस सातला सुटायची. अकराचे पाव तासात आठ झाले, म्हणजे पाऊण तासाच्या आत शून्य होणार, हा हिशेब त्यांनी केला. मीही केला होता. त्यांनी खोलीचं दार लोटलं.

“काका, बाकावर बसा. पाणी प्या. सातला पाच मिनिटं असताना फुंका. शून्य येईल, ते मी लिहीन.”

“आणि अकरा?”

“कुठले अकरा?” असं म्हणून बाईंनी माझं झाकण उघडलं आणि दोन्ही सेल काढून टेबलावर ठेवले. आगारात सगळ्यांची समजूत होती, की सेल काढले की फुंकणी सगळं विसरते. किती भाबडी माणसं! पडदा काळा होतो, एवढंच. माझ्या पोटात खोलवर बटणाएवढी आणखी एक बॅटरी आहे, आठवणी तिच्यावर चालतात. तंत्रज्ञ येतो तेव्हा एकूण एक आकडा काढून नेतो. हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठलं? मला फक्त भोक.

एवढ्यात मेस्त्री आत आले. आगाराचे मेस्त्री लंगडत चालायचे. तरुणपणी एका पिऊन आलेल्या ट्रकवाल्याने त्यांना रस्त्याच्या कडेला उडवलं होतं. टेबलावरचे सेल, काकांचं तोंड, बाईंचं तोंड असं सगळं त्यांनी पाहिलं. वेगळं काही सांगावं लागलं नाही.

“मेस्त्री, तुम्ही काही पाहिलं नाहीत,” बाई म्हणाल्या.

मेस्त्री स्टुलावर बसले. “माझ्या ट्रकवाल्याला सहा महिन्यांची कैद झाली होती,” ते म्हणाले. “सहा महिन्यांत तो सुटला. माझा पाय अजून आत आहे. त्यामुळे शिक्षा जास्त आहे असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही तुम्हाला.” मग डोकं खाजवत म्हणाले, “पण तो हरामखोर बाटली रिचवून आला होता. हा कासव! याला आणि त्याला एकाच तराजूत तोलायचं? जन्मभर शाळेची बस नाही म्हणजे अति होतं रे. मलाही ते पटत नाही.”

काकांना एकदम धीर आला. “मग तूच बघ ना, मी ठीक आहे की नाही. काढ तुझी पट्टी!”

पट्टीचा खेळ आगारात सगळे खेळायचे. मेस्त्री पोलादी फूटपट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायचे. समोरच्याने खालच्या टोकाशी बोटं उघडी ठेवायची. मेस्त्री न सांगता पट्टी सोडणार, ती चिमटीत पकडायची. जितक्या कमी इंचांवर पकडाल, तितके तुम्ही चपळ. कासवकाका यात सगळ्यांचे बाप. पाच इंचांच्या वर त्यांनी पट्टी जाऊच दिली नव्हती. हळू गाडी चालवणाऱ्याचा हात असा विजेसारखा कसा, याचं तरुण ड्रायव्हरांना नवल वाटायचं.

मेस्त्रींनी पट्टी सोडली. काकांनी पकडली. दहा इंच.

“बोलत होतो ना, लक्ष नव्हतं,” काका म्हणाले. “परत.”

मेस्त्रींनी पुन्हा सोडली. या वेळी पट्टी काकांच्या बोटांमधून निसटली आणि फरशीवर खणकन पडली. कुणी उचलली नाही. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. ती दारू होती, की अपुरी झोप, की भीती? मी हा प्रश्न आजवर हजार वेळा स्वतःला विचारला असेल. मला सांगता येत नाही. पट्टीलाही सांगता येत नसणार.

काका आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, “शाळेच्या फाटकासमोर पोरं अचानक आडवी येतात. फुगा काय, टोपी काय, कशाच्याही मागे धावतात.” आणि मग, “दोन नव्हते बाई. चार पेले होते. लिहा. अकरा लिहा.”

“काका, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे!” बाईंना रडू फुटलं. “जन्माची बस जाईल तुमची!”

“जाऊ दे. लिहा तुम्ही.”

बाईंनी सेल घातले आणि हजेरीबुकात अकरा लिहिला, खाली आठ लिहिला. शाळेची बस त्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरने नेली. ती फाटकातून बाहेर पडताना काका पाठ करून उभे होते.

पुढच्या महिन्यात तंत्रज्ञ आला. त्याने माझे आकडे काढले, हजेरीबुकाशी ताडून पाहिले आणि “जुळलं” म्हणून सही केली. सेल काढूनही अकरा आणि आठ त्याच्या यादीत तसेच होते, ते पाहून बाई पांढऱ्याफटक पडल्या. तो गेल्यावर त्या तशाच यार्डात गेल्या. काका रबरी बूट घालून बस धूत होते. “काका, ती सगळं लक्षात ठेवते हो! तुम्ही त्या दिवशी माझं ऐकलं असतं, तर माझीही नोकरी गेली असती.” काका म्हणाले, “भोचक मेली!” आणि दोघं पोट धरून हसले. मला मुळीच राग आला नाही.

सहा महिने काकांनी बस धुतल्या. फुंकायची सक्ती नव्हती, तरी रोज सकाळी यायचे आणि फुंकायचे. रोज शून्य. ‘पास’ मात्र म्हणाले नाहीत. नंतर त्यांना बाजाराची बस मिळाली. बाईंनी आणि मेस्त्रींनी मिळून वरच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. अर्ज चांगला होता, मी ऐकला आहे. शिक्षा हवी, कडकच हवी, पण पहिल्याच वेळी, इतक्या कमी आकड्याला, कबूल करणाऱ्या माणसाला जन्मभराची नको, असं त्यात होतं. आधी मेस्त्री सही करायला तयार नव्हते. दोन दिवस पायाचा मान ठेवला, तिसऱ्या दिवशी केली. उत्तर आलं ते काका निवृत्त झाल्यावर. नियम बदलला होता. आता पहिल्या वेळी दोन वर्षांनी फेरविचार होतो. काकांना त्याचा काही उपयोग नव्हता.

पण त्याआधी एक गोष्ट झाली, ती मला सांगायचीच आहे. शाळेतल्या बाईंनी पोरांना दाखवायला मला बोलावलं. हजेरीवाल्या बाई मला घेऊन निघाल्या, तेव्हा काका म्हणाले, “मीही येतो.” वर्गात पोरांनी एकेक करून फुंकलं. शून्य, शून्य, शून्य. इतके स्वच्छ श्वास मी एका दिवसात कधी घेतले नव्हते. मग काका पुढे झाले आणि पोरांना सगळं सांगितलं. चार पेले, अकरा आणि पट्टी, काहीही न लपवता.

एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली. “पण काका, त्या दिवशी तुम्ही आमची बस चालवलीच नाहीत. मग तुम्ही आम्हाला काय केलंत?”

“काहीच नाही बाळा,” काका म्हणाले. “तेवढंच एक माझ्या हातून बरं झालं.”

“मग तुम्हाला शिक्षा जास्त झाली.”

“झाली असेल थोडी जास्त,” काका म्हणाले. “पण तू रोज शाळेत पोचतेस ना?”

मुलगी विचार करत खाली बसली. तिला पटलं की नाही, कुणास ठाऊक. मला तरी कुठे पुरतं पटलंय!

आता मी थकले आहे. माझ्या आतला श्वास ओळखणारा भाग झिजला, तपासणीत आकडे चुकायला लागले. आगारात भिंतीवरचं नवं यंत्र आलं. ते फुंकणाऱ्याचा फोटोही काढतं म्हणे. मी दोन वर्षं वाळलेल्या पेनांबरोबर खणात पडून होते. धूळ खाताना जुने श्वास आठवायचे, आणि एकटं एकटं वाटायचं. शेवटी हजेरीवाल्या बाईंनी मला आगाराच्या साहेबांकडून मागून घेतलं आणि याच शाळेच्या प्रयोगशाळेत आणून ठेवलं. मित्रांनो, मला कधीतरी फडक्याने पुसत जा. ओलं फडकं नको, आणि नळीच्या भोकात पेन्सिल तर मुळीच नको.

आणि एक मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी कायदे करेल, कुणी गाडी चालवेल. शिक्षा किती हवी, हे मला विचारू नका, मी आकड्यापलीकडे अडाणी आहे. लंगडणाऱ्या मेस्त्रींना विचारा, पाठ करून उभ्या राहिलेल्या काकांना विचारा, दोघांचं पुरतं ऐका आणि मग ठरवा. पण गाडीची किल्ली उचलण्याआधी पेला हातात घेतला होता का, हे मात्र कुणालाच विचारायची गरज पडत नाही. ते तुम्हाला माझ्याआधी माहीत असतं.