दोन जावयांचा कॉम्प्युटर

सासूबाई घरी बसून भाषांतरं करायच्या. थोरल्या जावयाने त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं, जुनं पण भरवशाचं. धाकट्याला ते बुरसटलेलं वाटलं, म्हणून त्याने गुपचूप नव्या आवृत्तीची रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं कोठार, जोडली. मग अर्धं सॉफ्टवेअर जुन्या ठिकाणाहून येऊ लागलं, अर्धं नव्या ठिकाणाहून. शेवटी प्रिंटर बंद पडला आणि नवीन काही इन्स्टॉलही होईना.

दोघे धावत आले.

"तुमचं जुनाट आहे म्हणून अडतंय," धाकटा म्हणाला.

"तू नाक खुपसलंस म्हणून!" थोरला कडाडला.

हमरीतुमरी करून दोघेही तणतणत निघून गेले.

सासूबाईंनी एररचा मजकूर भाषांतराला घ्यावा तसा ओळीओळीने वाचला. नवी रिपॉझिटरी काढून टाकली आणि तिथून आलेली सॉफ्टवेअरची पॅकेजेस एकेक करून जुन्या आवृत्तीवर आणली. प्रिंटर कुरकुरत सुरू झाला.

रविवारी जावयांनी ते पाहिलं.

"मी म्हटलंच होतं, आपोआप ठीक होईल," दोघे एका सुरात म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. "आता फक्त एकदा अपडेट मारतो. पासवर्ड बदललात का?"

"बदलला खरा," सासूबाई छापलेली पानं जुळवत म्हणाल्या, "पण काय ठेवला तेच आठवत नाही बाई."