कणग्यात निजलेलं घड्याळ

घड्याळाबद्दल मी खोटं बोलत नाही. माणसांबद्दल बोलतो, तिथं इलाज नसतो. जव्हारला मुलांच्या वसतिगृहाचा अधीक्षक आहे मी. आलेल्या आईबापांना त्यांच्या पोराबद्दल चार गोड शब्द सांगावेच लागतात. पण घड्याळ चांगलं तर चांगलं, भिकार तर भिकार. आमच्या घड्याळवेड्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. त्यात पुण्या-नाशिकचे हौशी लोक आहेत. दोनशे मीटर खोल पाण्यात टिकणारं घड्याळ घेऊन त्यातले बरेचसे न्हाणीघराच्या पुढं गेलेले नाहीत, तरी मतं ठणकावून देतात. मी निदान माझं घड्याळ हातात ठेवून दाभोशाच्या डोहात पोहलो आहे. दाभोसा माझं गाव. तिथल्या शेतात चिखलणीलाही ते माझ्या मनगटावर होतं, आणि बांधावर दगडाला आपटलं तेव्हा दगडाचा टवका उडाला.

तर त्या घड्याळाबद्दल माझं मत असं. दिसायला राकट, काळं, जाडजूड. शर्टाची बाही त्याच्यावरून खाली येत नाही. बटणं इतकी कडक की नखं दुखतात. अंधारात वेळ बघायला जो दिवा दिलाय तो न दिला असता तरी चाललं असतं. या सगळ्याचे गुण मी कापले. पण तबकडीच ऊन पिते, सेल बदलायची भानगड नाही, आणि वेळ चुकत नाही. मला त्याची सगळ्यात आवडलेली खोड म्हणजे त्याची झोप. बरेच दिवस अंधारात राहिलं की ते सगळे काटे बारावर नेऊन उभे करतं आणि निजतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, मेलं. आत मात्र ते वेळ मोजत असतं. उजेड मिळाला की काटे धावत सुटतात आणि बरोबर त्या घडीच्या वेळेवर येऊन थांबतात. यावर मी गटात फोटोंसकट लांबलचक लिहिलं होतं. दोघांनी वाचलं असावं.

घड्याळ इतकं आवडलं की पुतणीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलासाठी तसंच दुसरं घेतलं. पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, तुकादादाची वर्षा. मुलगा सूर्यमाळचा, मुकेश नावाचा, खोडाळ्याला पाण्याचे पंप दुरुस्त करतो. वर्षानं त्याला स्वतःच पसंत केलं होतं आणि मग घरच्यांना कळवलं होतं. मुकेशच्या मनगटावर घड्याळ बांधताना मी त्याला सांगितलं, "उजेडात ठेवत जा." डीजेच्या दणदणाटात त्यानं मान हलवली. ती त्या गोंगाटात कोणीही हलवली असती.

भादव्यात मुकेशचा फोन आला. तो वर्षाला करायचा, यावेळी मला केला.

"काका, घड्याल बंद पडलाय. आय बोलते, सुपारी परत करायची."

मला पहिल्यांदा राग आला तो घड्याळाच्या बदनामीचा. मग वाक्याचा दुसरा भाग डोक्यात शिरला: सुपारी परत, म्हणजे सोयरीक मोडली.

दाभोशाला जाऊन मी हे सांगितलं तेव्हा वर्षा ओटीवर नागली पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. रडली नाही. म्हणाली, "काका, घड्याल तू दिलास. आता तूच बोल जाऊन." मग सूप पुन्हा उचललं, पण हात काही हलेनात. मला तिचं फार वाईट वाटलं. मला असं सहसा होत नाही.

मी आणि तुकादादा दुसऱ्या सकाळी जीपनं निघालो. मोखाड्याला गाडी बदलली, खोडाळ्याला पुन्हा बदलली. वाटेत मी दादाला घड्याळाची झोप समजावून सांगत होतो. तो खिडकीतून धुकं बघत होता. खोडाळं सोडल्यावर तो म्हणाला, "तुला मुकेशच्या आयच्या मोठ्या पोराचा माहीत नाय काय?"

मला माहीत नव्हतं. मुकेशचा थोरला भाऊ, काळ्या, ठाण्याला बांधकामावर जात असे. दोन पावसाळ्यांपूर्वी तो स्लॅबवरून पडला. त्याचं सामान एका प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आलं, त्यात त्याचं घड्याळ होतं. बंद पडलेलं.

"आता दुसऱ्याचा बी बंद पडला," दादा म्हणाला. "बाई घाबरणार नाय तं काय?"

त्यानंतर मी घड्याळाबद्दल बोललो नाही.

सूर्यमाळला धुकं घरात शिरलेलं होतं. कुडाचं घर, एकच दार, आत चुलीचा धूर. मुकेशची आई ठकी कणग्याला टेकून बसली होती. कणगा भात साठवायचा, पण त्या घरात जे जपायचं ते सगळं कणग्यातच जाई. पाड्यावरचे दोन म्हातारे बोलणी ऐकायला येऊन बसले होते. मुकेश कुडाशी उभा, मान खाली. त्याची धाकटी बहीण बाळी शाळेच्या कपड्यात कोरा चहा घेऊन आली.

"घड्याळ कुठं ठेवलं होतं?" मी विचारलं.

"कनग्यात. भातात," ठकी म्हणाली. "रोज चालला तं झिजंल. लगनात नवा पायजे ना."

साखरपुडा झाल्या दिवशीच तिनं ते मुकेशच्या हातातून काढून घेतलं होतं. चालणारी वस्तू चालून झिजते, मग लग्नापर्यंत ती चालायचीच कशाला, असा तिचा साधा हिशेब. चपलेच्या बाबतीत तो बरोबरच आहे. गौरीच्या सणाला तिनं घड्याळ सहज काढून चुलीच्या उजेडात पाहिलं, काटे उभे दिसले, आणि तिनं घाईघाईनं ते परत भातात दडपलं. तेव्हापासून तिला झोप नव्हती.

"मी तुमच्या पोरीला नाव नाय ठेवीत," ती तुकादादाला म्हणाली. "पोरगी चांगली हाय. पन माझा एक गेला. आता ह्याला कायी व्हायला नको."

तिनं कणग्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. तिन्ही काटे बारावर.

"बारा वाजल्यात," एक म्हातारा म्हणाला. कोणी हसलं नाही. तोही नाही.

मी घड्याळ दाराशी नेलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. बाहेर उजेड असा नव्हताच, नुसतं पांढरं धुकं. सगळे माझ्यामागं येऊन उभे राहिले. मी सांगितलं, की हे बंद नाही, निजलं आहे. म्हाताऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पोरीकडचा माणूस, मी दुसरं काय बोलणार? घड्याळ ढिम्म. चहा निवला. दादानं खाकरून पुढं काहीतरी बोलायची तयारी केली. मी गटात लिहिलं होतं की ढगाळ हवेतही जागं होतं. पण ते जव्हारच्या ढगाळ हवेत पाहिलं होतं, सूर्यमाळच्या धुक्यात नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या घड्याळाची शंका आली, आणि वर्षाचा सुपावर थांबलेला हात आठवला.

मग धुकं जरासं पातळ झालं. ऊन म्हणावं असं काही पडलं नाही, फक्त अंगण दिसायला लागलं.

काटे निघाले. लहान काटा, मोठा काटा, दोघंही एकदम, तबकडीभर घाईनं. बाळी ओरडली, "आय, पलतंय बघ!" मुकेशनं खिशातला मोबाइल काढला आणि शेजारी धरला. काटे येऊन थांबले. वेळ तंतोतंत तीच होती.

म्हातारे खाली वाकले. एकानं घड्याळाला बोट लावून पाहिलं. मला अर्थातच आनंद झाला, आणि मी बोलायला लागलो: आतला सेल, ऊन, अंधार, सगळं. ठकी ऐकत होती की नाही कोण जाणे. ती घड्याळाकडं बघत होती.

"अंधारात व्हता," ती म्हणाली. "मंग याला कसा कळला आता किती वाजलं?"

"आत मोजत होतं, ठकीबाय. काटे थांबले होते, मोजणं थांबलं नव्हतं."

ती उठली आणि आत गेली. कणग्यातलं भात खळखळलं. परत आली तेव्हा तिच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. तिनं त्यातून दुसरं घड्याळ काढलं. हलकं, पांढऱ्या धातूच्या पट्ट्याचं, फुटपाथवर मिळतं तसलं. काचेवर सिमेंटचा राप बसलेला. तिनं ते उंबऱ्यावर पहिल्याच्या शेजारी ठेवलं, उजेडाकडं तोंड करून.

"ह्यो पन मोजीत आसंल काय?"

मुकेश म्हणाला, "आय..." म्हाताऱ्यांनी नजर वळवली. तुकादादानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याचं म्हणणं मला न बोलता कळलं. हो म्हण. काय जातंय तुझं? ठेव म्हणावं उन्हात, उठेल कधीतरी. पोरीचं लग्न आहे.

मला हो म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं.

"नाही," मी म्हणालो. "हे वेगळं आहे, ठकीबाय. हे उन्हावर चालत नाही. याच्यातला सेल संपला, नाहीतर आपटून बिघडलं. थांबलं ते थांबलं. आत काही मोजत नाही."

"मंजी ह्यो निजला नाय."

"नाही. निजलेलं नाही."

चुलीतलं लाकूड तडकलं. दादानं डोळे मिटून घेतले. सुपारी परत घेऊन जीपमध्ये बसायचं आता, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. वर्षाला काय सांगायचं, याचा विचार मीही करायला लागलो होतो.

ठकीनं पदरानं काळ्याच्या घड्याळाची काच पुसली. राप निघाला नाही. तिचे डोळे भरून आले, पण आवाज सरळ होता.

"त्याला गाडीतून आनला ना, तवा सगली मना बोलली, निजलाय बघ कसा. ह्यो मुकेश बी बोलला. आजून बी कोनी नीट सांगत नाय. काल्याचा नाव काढला का दुसराच कायतरी बोलतात." ती माझ्याकडं वळली. "तू सरल बोललास. तुझ्या पोरीचा काम अडलाय, तरी बोललास. मंग त्या घड्यालाचा बी तू खराच बोलत आसशील."

तिनं जागं झालेलं घड्याळ उचललं, मुकेशचा हात ओढला आणि स्वतः बांधलं. पट्ट्याची कडी तिला जमेना. मुकेशनं मदत केली नाही, ती जमेपर्यंत हात धरून उभा राहिला.

"काढू नको आता," ती म्हणाली. "झिजला तं झिजला."

मग तुकादादाकडं बघून म्हणाली, "दिवाली झाली का तारीख बगू." दादानं निवलेला चहा एका घोटात संपवला. मुकेश वर्षाला फोन लावायला परसात गेला, तिथं रेंज येते म्हणे.

आम्ही निघालो तेव्हा ठकी अंगणापर्यंत आली. काळ्याचं घड्याळ तिच्या मुठीत होतं. ते तिनं माझ्या हातात ठेवलं.

"सेल घाल ह्याला. आन टायम तूच लाव. बाली घालंल शालेत."

जव्हारच्या बाजारात मी सेल आणि काच बदलून घेतली. बिघडलेलं नव्हतं, नुसता सेलच गेला होता. एरवी मी घड्याळ हातात आलं की आधी तबकडी बघतो. हे दुकानदाराला दिलं ते पालथं दिलं, आणि त्याचं खटपट करणं चालू होतं तेवढा वेळ बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. काटे कुठं थांबले होते, ते मी पाहिलं नाही.